शेरा आणि सोबत

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अंगणवाडीताईंसाठी एक ठोस तरतूद आहे. बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्या ताईंनी बालशिक्षणाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करायचा, कमी शिकलेल्यांनी वर्षभराची पदविका. हे सगळे दूरचित्रवाणी वाहिन्या आणि स्मार्टफोन यांच्या आधारे, काम चालू ठेवून. आणि या शिक्षणाला मार्गदर्शन शालेय शिक्षण विभागाच्या समूह साधन केंद्रांनी करायचे, महिन्यातून निदान एक प्रत्यक्ष वर्ग घेऊन. चर्चा झाली ती बहुतेक अभ्यासक्रमाची. मार्गदर्शन कोण करणार, त्याला स्वतःला तीन ते सहा वर्षांच्या मुलांविषयी किती कळते, तो किती वेळा येणार आणि आल्यावर नेमके काय करणार, या प्रश्नांकडे फार थोड्यांनी पाहिले. माझ्या मते बालशिक्षणाच्या दर्जाचा निम्मा प्रश्न इथेच अडकला आहे.

प्रशिक्षण दिले की काम सुधारते, असे आपण धरून चालतो. तसे होत नाही, हे शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासकांना निदान चाळीस वर्षांपासून माहीत आहे. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी अभ्यासकांनी 1980 च्या सुमारास हा मुद्दा नेमका मांडला. सिद्धान्त सांगणे, प्रात्यक्षिक दाखवणे, सराव करून घेणे आणि चुका दाखवणे या चारही गोष्टी प्रशिक्षण-वर्गात झाल्या, तरी शिकलेले रोजच्या वर्गात उतरावे यासाठी पाचवी गोष्ट लागते: वर्गात येऊन सोबत उभे राहणारे कुणीतरी. भाकरी थापायला व्याख्यानाने कुणी शिकत नाही, शेजारी बसलेल्या आईच्या हाताकडे बघत शिकते. लहान मुलांबरोबरचे काम त्याच जातीचे आहे. गोष्ट सांगताना कुठे थांबायचे, ‘मग काय झालं असेल?’ असे विचारल्यावर किती वेळ गप्प राहायचे, रडणाऱ्या मुलाला जवळ घेऊन बाकीच्या वीस जणांना कसे गुंतवून ठेवायचे, हे पुस्तिकेत लिहून येत नाही.

महाराष्ट्राला हे नवे सांगायला नको होते. ताराबाई मोडक 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बरेच काम केले होते. 1926 मध्ये स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या त्या आधारस्तंभ होत्या. बोर्डीला आल्या त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांच्याकडे दाखल झाल्या. ताराबाई तेव्हा 53 वर्षांच्या होत्या, अनुताई 35 वर्षांच्या. अनुताई शिक्षकी पेशात नवख्या नव्हत्या, पण पाड्यावरच्या वारली मुलांबरोबरचे काम दोघींनाही नवे होते. मुले बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्यातल्या अंगणात न्यायची, शंखशिंपले, बिया, पाने, खडे यांतून साधने करायची, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवायची, हे सगळे तिथे घडत गेले. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई 1973 मध्ये निधन पावल्या, अनुताई 1992 पर्यंत तिथेच राहिल्या. विचार ताराबाईंचा आणि हात अनुताईंचे, असे सोपे करून सांगितले जाते. मला त्यातली दुसरीच बाजू महत्त्वाची वाटते. ज्येष्ठ आणि कनिष्ठ अशा दोन बायका सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे एकाच कामाकडे रोज बघत होत्या, त्यावर बोलत होत्या आणि दुसऱ्या दिवशी थोडा बदल करून पाहत होत्या. देशाला अंगणवाडी देणारी जागा अशा सोबतीतून उभी राहिली.

2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात सुरुवात झाली ती मुंबईच्या धारावीत आणि मेळघाटातल्या धारणीत. कोसबाडचे ‘अंगणवाडी’ हे नाव आणि रूप योजनेने घेतले. सोबतीची रचना घेतली नाही. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्य शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा एका ताईवर आल्या. तिच्यावर मुख्यसेविका म्हणजे पर्यवेक्षिका, तिच्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी. पर्यवेक्षिकेच्या ताब्यातल्या अंगणवाड्यांना बीट म्हणतात. भाग आदिवासी, ग्रामीण की शहरी यानुसार एका बीटमध्ये साधारण 17 ते 25 अंगणवाड्या असाव्यात असा दंडक आहे. पद रिकामे असेल तर शेजारचे बीटही तिच्याच गळ्यात पडते.

पर्यवेक्षिकेच्या भेटीत साधारणपणे काय होते, ते अंगणवाडीशी संबंध आलेल्या कुणालाही ठाऊक आहे. ती येते, हजेरी बघते, पटावरची आणि समोर बसलेली मुले मोजते, आहाराचा साठा आणि नोंद जुळते का ते पाहते, वजनाच्या नोंदी चाळते, तीव्र कुपोषित मुलांची यादी विचारते, मोबाइलमध्ये माहिती भरली का ते तपासते. शेवटी शेरेपुस्तकात शेरा लिहिते. ‘पूर्वशालेय शिक्षण नियमित घ्यावे’ हा त्यातला नेहमीचा शेरा. नियमित घ्यावे म्हणजे काय करावे, हे ना ती सांगते, ना ताई विचारते. ताईच्या दृष्टीने ही मानधनावर परिणाम करू शकणारी बाई आहे. तिच्यासमोर ‘मला गोष्ट सांगता येत नाही, मुले उठून जातात’ असे कोण कबूल करील? त्या दिवशी सगळ्यांत चांगले येणारे बडबडगीत मुलांकडून म्हणवून घेतले जाते आणि भेट संपते.

दोष पर्यवेक्षिकेचा नाही. तपासणी हे तिचे कायदेशीर काम आहे आणि ते कुणीतरी केलेच पाहिजे, कारण आहाराच्या साठ्यात गफलत झाली तर मुलाच्या ताटातले जाते. अडचण अशी, की तपासणी करणारी आणि शिकवणारी एकच व्यक्ती असली आणि तपासणीला मुदत, नमुना व वरिष्ठांचा फोन असला, तर शिकवणे मागे पडते. जगभर जिथे जिथे बालशिक्षिकांना मार्गदर्शक देण्याचे प्रयोग झाले, तिथे ही ओढाताण समोर आलीच आहे. इटलीतल्या रेज्जो एमिलियाच्या नगरपालिकेच्या बालशाळांनी त्यावर स्वतःचा मार्ग काढला. लोरिस मालागुत्सी यांच्या काळापासून तिथे काही शाळा मिळून एक शिक्षणसमन्वयक असतो. त्याचे काम शिक्षिकांनी मुलांच्या बोलण्या-करण्याच्या ठेवलेल्या नोंदींवर त्यांच्याबरोबर बसून चर्चा करण्याचे. अमेरिकेच्या हेड स्टार्ट कार्यक्रमाने 2016 च्या मानकांत अशा मार्गदर्शनाची नीट आखलेली व्यवस्था प्रत्येक केंद्राला सक्तीची केली.

आकडे काय सांगतात, तेही पाहायला हवे, कारण या विषयात भाबडा उत्साह पुष्कळ आहे. मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये शिक्षक-मार्गदर्शनाच्या 60 अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. बहुतेक अभ्यास अमेरिकेतले. शिकवण्याच्या पद्धतीत सुधारणा चांगली मोठी दिसली, मुलांच्या शिकण्यात त्याहून पुष्कळ कमी, तरी दखल घेण्याजोगी. पण शंभराहून अधिक शिक्षकांच्या कार्यक्रमांत हा परिणाम लहान कार्यक्रमांच्या जवळपास निम्म्यावर आला. महाराष्ट्रात अंगणवाड्या एक लाखाच्या वर आहेत. ‘अमुक संस्थेने वीस गावांत करून दाखवले, आता राज्यभर करू’ असे म्हणण्याआधी ही घसरण डोळ्यांसमोर ठेवावी लागते. लहान प्रयोगात मार्गदर्शक निवडून घेतलेली असते, तिला विषयाची ओढ असते, तिच्यावर दुसरे काम नसते. मोठ्या प्रमाणावर यातले काहीच आपोआप मिळत नाही.

चिलीची राजधानी सांतियागो येथे बालवाडी-शिक्षिकांना दोन वर्षे प्रशिक्षण आणि वर्गात येऊन मार्गदर्शन देण्याचा एक मोठा प्रयोग झाला. शिक्षिकांचे मुलांशी वागणे-बोलणे स्पष्टपणे सुधारले, मुलांच्या भाषेत मात्र सरासरीने फरक दिसला नाही. पुढे बारकाईने पाहिल्यावर कळले, की ज्यांची हजेरी बरी होती त्या मुलांना फायदा झाला होता. गैरहजेरी जास्त असलेली मुले कोरडीच राहिली. बीड किंवा नाशिक जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले सहा-सहा महिने गावात नसतात. त्यांच्या ताईला कितीही चांगली मार्गदर्शक मिळाली तरी त्या सहा महिन्यांचे काय, हा प्रश्न मार्गदर्शनाच्या कुठल्याच आराखड्यात दिसत नाही.

घानाचा प्रयोग आपल्याला अधिक जवळचा आहे. 2015-16 मध्ये आक्रा परिसरातल्या 240 शाळांच्या अभ्यासात त्यांतल्या काही शाळांच्या बालवर्गाच्या शिक्षिकांना खेळातून शिकवण्याचे छोटे प्रशिक्षण दिले आणि मग सरकारच्याच जिल्हा समन्वयकांनी वर्गांत येऊन त्यांना मदत केली. बाहेरची खास माणसे आणली नाहीत. तरी वर्ग सुधारले, मुलांची शाळेसाठीची तयारी सुधारली आणि शिक्षिकांचा थकवाही कमी झाला. काही शाळांत याच्या जोडीला पालकांना चित्रफिती दाखवून खेळातून शिकण्याचे महत्त्व सांगितले गेले. तिथे मात्र मुलांना झालेला फायदा पुसला गेला. अपेक्षेच्या अगदी उलट. आपल्याकडे गावागावांत ‘कॉन्व्हेंट’ची पिवळी गाडी फिरते आणि तीन वर्षांच्या मुलाने एबीसीडी लिहिली की घरात कौतुक होते. ताईने मुलांना चिंचोके मोजायला बसवले तर ‘नुसते खेळवतात’ म्हणून आया मूल काढून नेतात. घानात नेमके काय बिनसले यावर मतभेद आहेत. मी त्यातून एवढेच घेते, की पालकांना व्याख्यान देऊन पटत नाही आणि कधीकधी उलट होते. ताईला मार्गदर्शन द्यायचे तर पालकांसमोर तिची बाजू सावरणारे कुणीतरी त्यातच हवे.

महाराष्ट्रात आणि देशात प्रयत्न झाले नाहीत असे नाही. 2018 मध्ये सुरू झालेल्या पोषण अभियानात टप्प्याटप्प्याने शिकण्याची एक पद्धत आणली गेली. ती आधी बिहारमध्ये आकाराला आली होती. 21 छोटे घटक, महिन्याला एक, बीट बैठकीत तो शिकायचा आणि पुढच्या महिन्यात प्रत्यक्ष करून यायचे. कल्पना उत्तम होती, कारण एका वेळी एकच गोष्ट होती आणि तिचा पुढच्या महिन्यात हिशेब होता. विषय मात्र मुख्यतः आहार, स्तनपान, वजन यांचे होते. गोष्ट सांगणे, खेळणे, बोलणे त्यात जवळजवळ नव्हते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफ आणि राज्याच्या बालविकास विभागाबरोबर उभ्या केलेल्या ‘आरंभ’ने शून्य ते तीन वयाच्या मुलांशी बोलणे, खेळणे, त्यांना प्रतिसाद देणे हा विषय याच टप्प्याटप्प्याच्या वाटेने ताईंपर्यंत आणि पालक मेळाव्यांतून घरांपर्यंत नेला. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात सोनाळे येथे 2007 पासून काम करणारी निलेश निमकर यांची क्वेस्ट ही संस्था ‘पालवी’ कार्यक्रमातून अंगणवाडीताईंबरोबर काम करते. तिथला विचार मला नेहमी भावला आहे: वर्गात जाऊन स्वतः मुलांबरोबर काम केल्याशिवाय मार्गदर्शकाला बोलण्याचा अधिकार नाही.

या एका अटीवर सगळे अवलंबून आहे, आणि धोरणाची योजना तिथेच डळमळते. समूह साधन केंद्र म्हणजे आपल्याकडचे केंद्रप्रमुख. हे अनुभवी शिक्षक असतात, पण त्यांची उमेदीची वर्षे गेली पहिली ते सातवीत. त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी तीन वर्षांच्या मुलांबरोबर सलग आठवडा घालवला असेल. अंगणवाडीत आल्यावर अशा माणसाची नजर सहज जाते ती फळा, वही आणि मुळाक्षरांकडे. मुलाने मातीत रेघा ओढल्या, तो बाहुलीच्या तापाची चौकशी करत बसला, हे शिकणे आहे हे त्याला दिसत नाही. शिवाय दोन विभागांचा प्रश्न आहेच: ताई महिला व बालविकासची, केंद्रप्रमुख शिक्षणाचे. पत्र कुणी काढायचे इथपासून सुरुवात. केंद्रप्रमुखांना या कामात घ्यायचे तर आधी त्यांनीच काही आठवडे एखाद्या चांगल्या अंगणवाडीत ताईच्या हाताखाली काम करावे. हे ऐकायला अवघड वाटते, पण त्याहून कमी पुरणार नाही.

भाषेचा प्रश्न वेगळाच आणि मोठा. धारणीच्या अंगणवाडीत मुले कोरकू बोलतात, नंदुरबारच्या डोंगरात पावरी, डहाणूला वारली, गडचिरोलीत माडिया. ताई बहुधा गावातलीच असते, तिला ती भाषा येते. तपासणीला येणाऱ्यांना येत नाही. मग ताई मुलांशी कोरकूत बोलत असेल तर येणाऱ्याच्या कानाला तो गोंधळ वाटतो आणि ‘मराठीत घ्या’ असे सांगून तो निघून जातो. भाषेतून मुले विचार करायला शिकत असताना त्यांच्या ताईला तिच्या सगळ्यांत चांगल्या ताकदीपासून दूर ढकलणारे मार्गदर्शन हे नसलेलेच बरे. अशा भागात मार्गदर्शक त्याच भाषेतली, त्याच भागातली ताई असावी, याला मला दुसरा पर्याय दिसत नाही.

आणि वेळ. याबद्दल भारतातलाच एक पक्का पुरावा आहे. तामिळनाडूच्या 320 अंगणवाड्यांत अलेहान्द्रो गानिमियान, कार्तिक मुरलीधरन आणि क्रिस्टोफर वॉल्टर्स यांनी एक प्रयोग अभ्यासला. काही केंद्रांत फक्त पूर्वशालेय शिक्षणासाठी अर्धवेळ एक जादा बाई दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, दीड वर्षात मुलांच्या गणितात आणि भाषेत स्पष्ट वाढ झाली. मूळच्या ताईला आहार-आरोग्याच्या कामाला वेळ मिळाला आणि कुपोषणही घटले. या बाईला फार मोठे प्रशिक्षण नव्हते. तिच्याकडे होता तो वेळ. मार्गदर्शनाचे गुण गाणाऱ्यांनी, आणि त्यांत मीही आहे, हा निष्कर्ष बाजूला सारू नये. आपल्या ताईचा दिवस बघा: मुलांना बोलावणे, आहार, वजने, गृहभेटी, मोबाइलमध्ये नोंदी, वर निवडणुकीची यादी, सर्वेक्षणे, 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज. 2021 मध्ये राज्यभर ताईंनी सरकारी मोबाइल परत केले, कारण फोन निकामी होते आणि नोंदीचे ॲप त्यांच्या भाषेत नव्हते. डिसेंबर 2023 मध्ये त्या संपावर गेल्या, मानधन आणि ग्रॅच्युइटीसाठी. ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये मान्य केलेला होता. 2023 मध्ये सुरू झालेल्या ‘पोषण भी पढाई भी’ मोहिमेने रोज निदान दोन तास पूर्वशालेय शिक्षणाचे म्हटले आहेत. दोन तास कुठून येणार याचे उत्तर आधी द्यावे लागेल. ज्या वर्गाला वेळच नाही, त्यात मार्गदर्शक येऊन बघणार तरी काय?

मोबाइलवरून मार्गदर्शन हा अलीकडचा सोपा वाटणारा उपाय. ताईने कृतीची चित्रफीत पाहून ती मुलांबरोबर करायची, स्वतःची चित्रफीत पाठवायची, त्यावर उत्तर मिळवायचे. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातल्या रॉबर्ट पियान्ता यांच्या गटाने चित्रफितींवर आधारलेले मार्गदर्शन काळजीपूर्वक विकसित केले. शिक्षिका स्वतःच्या वर्गाची फीत मार्गदर्शकाबरोबर पाहते आणि एखाद्याच क्षणावर दोघी बोलतात, हा त्याचा गाभा. आपल्याकडे व्हॉट्सॲप गटांचे झाले ते वेगळे. फोटो टाकला की काम झाल्याची नोंद, वर टाळ्यांची चित्रे. फोटोत मुले रांगेत बसून कॅमेऱ्याकडे बघत असतात. जी कृती फोटोसाठी केली जाते तिच्यात मूल बोलत नाही, आणि मुलाचे बोलणे ऐकल्याशिवाय मार्गदर्शन होत नाही. दुर्गम भागात फोन उपयोगी पडेल, पण एकमेकींना ओळखणाऱ्या दोघींमध्ये, महिन्या-दोन महिन्यांच्या भेटींच्या अधेमधे.

खाजगी बालवाड्या आणि नर्सरींबद्दल थोडेच सांगते. तिथल्या शिक्षिकांना ना पर्यवेक्षिका, ना बीट, ना बैठक. पगार तुटपुंजा आणि वर्षाच्या शेवटी नोकरीची खात्री नाही. शहरी मध्यमवर्ग आपले मूल याच शिक्षिकांच्या हाती देतो आणि इमारतीचा रंग बघून शाळा निवडतो. शून्य ते सहा या वयाच्या खाजगी संस्थांवर कसलेच नियमन नीट लागू नसताना त्यांच्या शिक्षिकांच्या शिकण्याची सोय कोण करणार, हा मोठा आणि स्वतंत्र विषय आहे.

मग करायचे काय? मी एका गोष्टीवर ठाम आहे: तपासणी आणि सोबत यांची माणसे वेगळी करावीत. पर्यवेक्षिकेने साठा, हजेरी, वजन पाहावे. सोबतीसाठी प्रत्येक बीटमध्ये आठ-दहा अंगणवाड्यांमागे एक अनुभवी ताई निवडावी, जिच्या वर्गात मुले बोलती आहेत. तिची स्वतःची अंगणवाडी आठवड्यातून दोन दिवस दुसरी सांभाळील, म्हणजे बदली बाई लागेल आणि तिचा पगार लागेल. भेटीला गेल्यावर तिने अर्धा तास नुसते बसावे, मुलांची दोन-चार वाक्ये लिहून घ्यावीत, मग स्वतः एक गोष्ट सांगून दाखवावी, ताईबरोबर ती वाक्ये वाचावीत आणि एकच काम ठरवून पंधरा दिवसांत परत यावे. शेरेपुस्तकाला हात लावू नये. वरिष्ठांना तिच्याकडून अहवाल मागता येणार नाही, हे आदेशातच लिहावे, नाहीतर सहा महिन्यांत तीही पर्यवेक्षिका होईल.

केंद्राने 2022 मध्ये राज्यांना सांगितले आहे, की पर्यवेक्षिकांची निम्मी पदे अनुभवी सेविकांतून बढतीने भरावीत. ते नीट झाले तर वाट आणखी मोकळी होईल, कारण आज चांगली ताई तीस वर्षांनंतरही ताईच राहते आणि तिचे कसब तिच्याबरोबर निवृत्त होते. बढती तोंडी परीक्षा आणि सेवाज्येष्ठतेवर न देता तिच्या वर्गात जाऊन दिली, तर राज्याला कळेल की अशा ताया कुठे कुठे आहेत. मार्गदर्शक ताईचा प्रवासभत्ता, बदली बाईचे मानधन आणि वर्षातून दोन निवासी शिबिरे एवढा खर्च येईल. तो अर्थसंकल्पात ‘प्रशिक्षण’ या एकरकमी शीर्षाखाली न टाकता वेगळ्या शीर्षाखाली दरमहा यावा, कारण एकरकमी पैसा मार्चमध्ये सभागृहांच्या भाड्यावर संपतो.